सुरी नाही, तर रांग नाही!

एक होती चिचुंद्री. केवढी? एवढीशी! तुमच्या अंगठ्याएवढी. आणि नाक? नाक मात्र हेऽऽ लांब. ती घरात शिरली की आधी नाक यायचं. मग बऱ्याच वेळाने ती यायची.

तिचं नाव टिमकी.

टिमकी राहायची वाकड्या डोंगराच्या पायथ्याशी. बांधावर बीळ होतं. बिळात धोंडूमामा होता, मामी होती, आणि टिमकीची तीन भावंडं होती. सगळ्यात धाकटा ठिपका. तो इतका धाकटा, की शिंकला तरी कोलांटी खायचा.

आज सगळे निघाले होते डोंगरावर. पाठीला गाठोडं बांधून! वर दोन दिवस राहायचं. शेकोटी पेटवायची. आणि डोंगराच्या माथ्यावर आहे एक आंब्याचं झाड. त्याच्या कैऱ्या अश्शा आंबट, अश्शा आंबट, की नुसतं नाव काढलं तरी जीभ म्हणते, टॉक! करा बघू. टॉक!

त्या कैऱ्या कापायच्या. मीठ लावायचं. खायच्या.

चिचुंद्र्या जातात कशा, ठाऊक आहे? रांगेने. सगळ्यांत पुढे धोंडूमामा. मामाची शेपटी एकाच्या तोंडात. त्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात. त्याची शेपटी तिसऱ्याच्या तोंडात. तुरुतुरु, तुरुतुरु!

“पण ऐका रे!” धोंडूमामा म्हणाला. “डोंगरावर कापायला सुरी लागते. ज्याच्याकडे सुरी, तोच रांगेत. सुरी नाही, तर रांग नाही! आणि ऊन बिळाच्या दारात आलं, की मी शीळ घालणार. शीळ झाली, की रांग निघणार. मी कुणासाठी थांबणार नाही!”

“मला सगळं ठाऊक आहे!” टिमकी म्हणाली. ती नेहमी असंच म्हणायची.

मामाने दगडावर काय काय मांडून ठेवलं होतं. “घ्या निवडून,” तो म्हणाला. भावंडांनी एकेक सुरी निवडली, गाठोड्यात टाकली. टिमकीला मात्र सगळ्यांत मोठं हवं होतं.

तिने धरला कोयता. ऊंऽऽह! कोयता हललासुद्धा नाही. टिमकीच पडली. धप्प!

मग तिने ओढली विळी. “अगं, विळीवर बसून चिरायचं असतं,” मामी म्हणाली. “पाट पण नेतेस का डोंगरावर? आणि चौरंग?”

मग तिने उघडला मिटायचा चाकू. खट्! चाकू आपोआप मिटला. शेपटी वाचली, बरं का. थोडक्यात वाचली.

मग मामाने काढली एक छोटीशी सुरी. चिंचेच्या पानाएवढी. बाभळीची मूठ. लखलख पातं. वा! टिमकीचे डोळे चमकले. (सुरीला हात कोण लावतं? मोठी माणसं. आणि चिचुंद्र्या. तुम्ही चिचुंद्री आहात का? नाही ना? मग!)

“आता विस्तवाचं काय नेशील?” मामाने विचारलं. काडेपेटी? ती ओढ्यात पडली, की फुस्स! भिंग? ढग आला, की बसा बोंबलत. मग काय? चकमक! हरभऱ्याएवढी गारगोटी, आणि वर घासायला पोलादाची पट्टी. खट्! की ठिणगी.

“हीच नेणार,” टिमकी म्हणाली, आणि तिने चकमक गाठोड्यात टाकली.

“थोडा कापूस घे गं,” मामी म्हणाली. “ठिणगी पडायला कापूस लागतो.”

“नको बाई,” टिमकी म्हणाली. “कापूस जड होतो!”

कापूस जड! हसा, हसा.

तिने एक भुईमुगाची शेंग घेतली वाटेत खायला, आणि गाठोडं पाठीला बांधलं. आता फक्त सुरी घ्यायची राहिली.

मामाने सुरी तिच्या हातात दिली नाही. सुरी हातात देत नाहीत. भांडण होतं! मामाने सुरी दगडावर ठेवली आणि म्हणाला, “उचल आता.” आणि तो गेला बिळात, मीठ शोधायला.

टिमकीने उचलली का? छे! ती वळली भावंडांकडे.

“पाहिलीत का? कुणाची सुरी? माझी सुरी! कुणाची सुरी? माझी—”

झप्!

काळं काहीतरी आलं. दगडावरून सुरी गेली!

“काव!” आला होता कावळा. कावळ्याला चकचकीत गोष्टी फार आवडतात. तो उडून बसला बांधावरच्या मोठ्या धोंड्यावर. सुरी ठेवली पायाखाली. घट्ट.

सुरी नाही, तर रांग नाही! रांग नाही, तर डोंगर नाही. डोंगर नाही, तर कैरी नाही. आणि मामाला कळलं तर?

ऊन अजून लांब होतं. तिकडे, बोरीच्या झुडपापाशी.

निघाली टिमकी. तुरुतुरु, तुरुतुरु. पाठीवर गाठोडं, डुगुडुगु, डुगुडुगु.

“कावळेदादा, कावळेदादा, माझी सुरी दे!”

“देईन की! का नाही देणार?” कावळा म्हणाला. “पण मला भूक लागलीय. तुझ्या गाठोड्यात शेंग आहे. मला वास आला. ती भाजून आण. गरम गरम! कच्चं मी खात नाही. मला वात होतो. आधी शेंग, मग सुरी!”

वात होतो म्हणे! काल यानेच कच्चा बेडूक खाल्ला होता.

निघाली टिमकी. तुरुतुरु, तुरुतुरु. पाठीवर गाठोडं, डुगुडुगु, डुगुडुगु. शेतात होती चूल. तीन दगडांची. आत काटक्या रचलेल्या.

“चूलमावशी, चूलमावशी, माझी शेंग भाज!
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

“भाजीन की! का नाही भाजणार?” चूल म्हणाली. “पण मी पडलेय गार. हात लाव, बघ. गार की नाही? आधी ठिणगी, मग शेंग!”

आता ठिणगी कुठली आणायची? लांब कुठं जायचं? अहो, चकमक पाठीवरच होती! टिमकीने गाठोडं सोडलं. चकमक बाहेर काढली. दगडावर ठेवली.

“चकमकताई, चकमकताई, एक ठिणगी पाड!
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

“पाडीन की! का नाही पाडणार?” चकमक म्हणाली. “पण कशावर पाडू? तुझ्या नाकावर? मऊ मऊ कापूस लागतो गं मला. कुठाय कापूस? आणलास का?”

(कापूस जड होतो ना!)

“आधी कापूस, मग ठिणगी!” चकमक म्हणाली.

ऊन सरकलं. बोरीपासून वारुळापर्यंत आलं.

निघाली टिमकी. तुरुतुरु, तुरुतुरु. पाठीवर गाठोडं, डुगुडुगु, डुगुडुगु. माळावर होतं सावरीचं झाड. उंऽऽच! अंगभर काटे. आणि वर फांदीफांदीला बोंडं. बोंडांत काय? कापूस!

“सावरमाई, सावरमाई, थोडा कापूस टाक!
चकमक ठिणगी पाडेना,
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

“टाकीन की! का नाही टाकणार?” सावर म्हणाली. “पण मला का हात आहेत? वारा आला की मी हलते. मी हलले की बोंडं फुटतात. आज वारा कुठं तडमडलाय कोण जाणे. सकाळपासून पान हललं नाही. आधी वारा, मग कापूस!”

वारा कुठं राहतो? खिंडीपलीकडे. खिंड म्हणजे दोन टेकड्यांमधली फट. त्या फटीतून वारा येतो.

निघाली टिमकी. तुरुतुरु, तुरुतुरु. पाठीवर गाठोडं, डुगुडुगु, डुगुडुगु. पोचली खिंडीत. पाहते तर काय!

खिंडीत बसली होती एक म्हैस. काळीभोर. ढब्बू. अशी बसली होती, अशी बसली होती, की खिंडीला बूचच बसलं होतं! आणि पलीकडून आवाज येत होता, हूंऽऽ हूंऽऽ. वारा पलीकडे अडकला होता.

टिमकीने ओरडून सांगितलं.

“वारोबा, वारोबा, जरा जोरात सूट!
सावर कापूस टाकेना,
चकमक ठिणगी पाडेना,
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

“सुटेन की! का नाही सुटणार?” पलीकडून वारा म्हणाला. “पण ही बया वाटेत बसलीय ना! वरून जावं, तर शिंगं. खालून जावं, तर पोट. आधी म्हैस उठव, मग मी सुटतो!”

आता म्हशीशी बोलायला किती चालायचं? दोन पावलं. एक, दोन. झालं.

म्हैस रवंथ करत होती. चाक् चुक्. चाक् चुक्. डोळे अर्धे मिटलेले.

“म्हैसकाकू, म्हैसकाकू, जागची ऊठ!
वारा काही सुटेना,
सावर कापूस टाकेना,
चकमक ठिणगी पाडेना,
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

म्हशीने एक डोळा उघडला.

“कोण बोलतंय? नाक बोलतंय?”

“नाकाच्या मागे मी आहे!” टिमकी चिडून म्हणाली.

“बरं बरं. उठेन की! का नाही उठणार?” म्हैस म्हणाली. चाक् चुक्. “पण पाठीवर गोचीड चिकटलीय. उठले की कचकन चावते. माझा बगळा रोज येतो नि गोचीड टिपतो. आज काही आला नाही. आधी बगळा, मग उठणं!” आणि तिने डोळा पुन्हा मिटला.

ऊन सरकलं. वारुळापासून बिळाच्या दगडापर्यंत आलं. मामाने ओठ पुसून शिळेची तयारी केली. ठिपका दारात उभा राहून बघत होता, ताई कुठं गेली?

निघाली टिमकी. तुरुतुरु, तुरुतुरु. पाठीवर गाठोडं, डुगुडुगु, डुगुडुगु. आता पाय दुखायला लागले होते. चारही!

तळ्याकाठी होता बगळा. पांढराशुभ्र. एका पायावर उभा.

“बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड टिप!
म्हैस जागची उठेना,
वारा काही सुटेना,
सावर कापूस टाकेना,
चकमक ठिणगी पाडेना,
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!”

“टिपीन की! का नाही टिपणार?” बगळा म्हणाला. “पण माझ्या पायाकडे बघ.”

टिमकीने पाहिलं. काठावर कुणीतरी जुनं फाटकं जाळं टाकून दिलं होतं. बगळ्याचा पाय त्यात अडकला होता. दोराचा वेढा. एक नाही, तीन वेढे!

“सकाळपासून असाच उभा आहे,” बगळा म्हणाला. “लोकांना वाटतं, मी ध्यान करतोय. हा दोर कापायला हवा. तू एक काम कर. पटकन जा आणि एक सुरी आण. आधी सुरी, मग गोचीड!”

काय आण म्हणाला?

सुरी!

टिमकीचं नाक लाल झालं. कान लाल झाले. शेपटी ताठ झाली. आणि ती जी सुटली, जी सुटली!

“सुरी? सुरी?! अहो बगळेभाऊ, सुरी असती, तर मी इथं कशाला मरायला आले असते?
बगळा गोचीड टिपेना,
म्हैस जागची उठेना,
वारा काही सुटेना,
सावर कापूस टाकेना,
चकमक ठिणगी पाडेना,
चूल शेंग भाजेना,
कावळा सुरी देईना,
अन् सुरी नाही, तर रांग नाही!
आणि तुम्ही म्हणता, सुरी आण?”

मग तिला रडूच आलं. भ्याँऽऽ! एवढीशी चिचुंद्री, केवढं मोठं रडू. आता शीळ होणार. आता रांग जाणार. सगळे कैऱ्या खाणार, टॉक टॉक करणार, आणि ती खालीच!

रडता रडता तिला आला राग. कुणाचा? सगळ्यांचा! कावळ्याचा, म्हशीचा, जाळ्याचा. जाळ्याचा तर फारच. रागारागाने तिने केलं काय? जाळ्यालाच चावली!

कर्र... कर्र...

तट्!

अगं बाई! हे काय झालं?

एक वेढा तुटला.

टिमकीने रडू थांबवलं. जिभेने दात चाचपले. बारीक होते. पण टोकदार होते!

“पुन्हा चाव की!” बगळा म्हणाला. “रडतेस काय? चाव!”

कर्र... कर्र... तट्! दुसरा वेढा.

कर्र... कर्र... कर्र... तट्! तिसरा वेढा.

पाय सुटला! बगळ्याने पाय झटकला, पंख पसरले आणि म्हणाला, “बस पाठीवर!”

भुर्रर्रर्र! टिमकी उडाली. चिचुंद्री कधी उडते का? त्या दिवशी उडाली. खाली तळं, खाली झाडं. तिने डोळे गच्च मिटले आणि मग एकच उघडला.

मग काय झालं?

बगळ्याने गोचीड टिपली. टक्!

म्हैस जागची उठली. हुश्श! खिंड झाली मोकळी.

वारा सुसाट सुटला. सूंऽऽऽ! त्याने टिमकीलाही उचललं. गडगड गडगड, ती लोळत लोळत थेट सावरीपाशी. चालायचं कामच नाही.

सावरीने कापूस टाकला. फट्! फट्! बोंडं फुटली. कापूसच कापूस! टिमकीच्या नाकावर कापूस. डोक्यावर कापूस. आक्छीऽऽ! तिने गाठोडं उघडलं आणि कापूस भरला. आणखी भरला. आणखी कोंबला. गाठोडं फुगून टम्म झालं.

धावली ती चुलीपाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

चकमकीने ठिणगी पाडली. खट्! नाही पडली. खट्! नाही पडली. खट्! पडली! कापसावर पडली. टिमकीने हळूच फुंकर घातली. फूऽऽ. फूऽऽ. लाल लाल डोळा उघडला. धूर आला. आणि भक्क!

चुलीने शेंग भाजली. तडतड, तडतड. काय वास सुटला! टिमकीने शेंग पळसाच्या पानात घेतली, चकमक गाठोड्यात टाकली आणि चुलीवर माती लोटली. नीट विझवली. विस्तव उघडा टाकून जात नाहीत. हे मात्र तिला खरंच ठाऊक होतं.

आणि कावळ्याने सुरी दिली?

छे! तो कसला देतोय!

“हं. शेंग आणलीस,” कावळा म्हणाला. सुरी पायाखालीच. “पण मीठ कुठाय? मिठाशिवाय मी खात नाही. जा, मीठ आण. आधी मीठ, मग सुरी!”

बघा! आहे की नाही लबाड?

ऊन आलं होतं बिळाच्या दाराशी. अगदी उंबऱ्याशी.

टिमकी रडली का? नाही. ओरडली का? नाही. ती गोड गोड हसली. तिने पान पुढे सरकवलं.

“आणते हं, कावळेदादा. पण आधी चव तर बघा. अळणी असली, तर सांगा ना.”

शेंग कसली, निखाराच तो! वाफा निघत होत्या. पण खादाड कावळ्याला धीर कुठला? त्याने चोच घातली. गप्!

“हाऽऽऽ! हाऽऽऽ! पोळलं! पोळलं!”

चोच उघडली. शेंग पडली. कुठं पडली? पायावर!

“आई गं! आई गं!” कावळा एका पायावर नाचायला लागला. लंगडी घालायला लागला. उचलला पाय, आणि सुरी सुटली. घसरली धोंड्यावरून. छन्न छन्न छन्न!

टिमकीने उचलली सुरी. या वेळी वळून पाहिलं नाही, माझी सुरी माझी सुरी केलं नाही. उचलली, गाठोड्यात टाकली, आणि धूम पळाली!

शीऽऽऽऽ! शीळ झाली!

रांग निघाली. पुढे मामा, मामाच्या मागे मामी, मग भावंडं. तुरुतुरु, तुरुतुरु. टिमकीची जागा होती मामाच्या मागे, अगदी दुसरी. पण रांग तर निघाली होती! टिमकी धावली, धावली, धावली, आणि शेवटी तिने धरली ठिपक्याची शेपटी. कच्च!

“सुरी?” मामाने पुढून विचारलं. त्याने शेपट्या मोजल्या होत्या. एक कमी होती, आता नव्हती.

टिमकीने गाठोडं हलवून दाखवलं. छन्न!

“ठीक,” मामा म्हणाला.

चालली रांग डोंगरावर. वाकडी वाट, चढाची वाट. आणि टिमकीच्या पोटात काय? गोष्ट! केवढी मोठी गोष्ट! बगळा, म्हैस, वारा, सावर. सांगू? सांगू? पण सांगणार कशी? तोंडात ठिपक्याची शेपटी! “उं उं उंऽ!” टिमकी म्हणाली. “काय गं ताई?” ठिपक्याने विचारलं आणि पुढची शेपटी सोडली. रांग तुटली. मामा ओरडला. पुन्हा रांग जोडली. पाच पावलांनी पुन्हा “उं उं उंऽ!” पुन्हा रांग तुटली. असं अकरा वेळा झालं.

एकदाचा माथा आला. आंब्याचं झाड आलं. खाली पडली होती एक कैरी. हिरवीगार, आणि टणक. मामाने तिच्यावर मिठाची पुडी ठेवली. सगळे गोल बसले.

“टिमकी, तुझी सुरी काढ,” मामा म्हणाला. “धार बघू दे. काप.”

टिमकीने सुरी काढली, वर धरली. आणि तोंड रिकामं होतं ना आता!

“मामा, सांगू का काय झालं? कावळ्याने सुरी पळवली! मग
मी दोर दातांनी तोडला,
बगळ्याने गोचीड टिपली,
म्हैस जागची उठली,
वारा सुसाट सुटला,
सावरीने कापूस टाकला,
चकमकीने ठिणगी पाडली,
चुलीने शेंग भाजली,
कावळ्याचा पाय पोळला,
अन् सुरी मिळाली, रांग मिळाली!”

मामाच्या मिशा थरथरल्या. तो रागावला का? त्याला हसू आवरत नव्हतं!

“दोर? दातांनी?” मामी म्हणाली.

“तीन वेढे!” टिमकी म्हणाली. “पहिला वेढा असा होता, कर्र कर्र! आणि मग दुसरा वेढा—”

“अगं काप गं बाई आधी!” सगळे एकदम ओरडले. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. ठिपक्याच्या तर हनुवटीवरून गळत होतं.

खच्च! टिमकीने कैरी कापली.

“पहिली फोड कुणाला?” मामाने विचारलं. त्याने फोड मिठात घोळवली, आणि कुणाला दिली? टिमकीलाच दिली. सगळ्यांत मोठी!

टिमकीने फोड तोंडात टाकली.

नाक गेलं उजवीकडे. नाक गेलं डावीकडे. एक डोळा मिटला. दुसरा डोळा मिटला. कान फडफडले. शेपटीची झाली गाठ. आणि जीभ म्हणाली—

टॉक!

“कशी आहे?” ठिपक्याने विचारलं. “ताई, सांग ना! कशी आहे?”

टिमकीला बोलताच येईना. सगळे दात आंबले होते! वरचे आंबले, खालचे आंबले. तिने नुसता पंजा पुढे केला.

दुसरी फोड पण तिलाच हवी होती.

कैरी सरली, कोय उरली,
गोष्ट आमची इथंच पुरली!